अंगठी घट्ट का झाली?

लग्नातली अंगठी बोटात जाईना, चाळिशीत चपलेचा नंबर वाढला, की आपण म्हणतो, "वजन वाढलंय गं!" आमच्या खोताच्या वाडीतही हेच उत्तर मिळतं. पण मैत्रिणींनो, त्यासोबत जबडा पुढे येणं, दातांत फटी पडणं, खूप घाम, घोरणं, डोकेदुखी, पाळी बिघडणं असेल तर 'अ‍ॅक्रोमेगाली'ची शंका घ्यायला हवी.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की वाढीचं हार्मोन जास्त सुटतं. ही गाठ सहसा कॅन्सरची नसते. पण दुर्लक्ष केलं तर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार मागे लागतात. बदल इतके सावकाश होतात, की निदानालाच कित्येक वर्षं जातात.

आणि उपचाराचं यश याच उशिरावर ठरतं! ऑपरेशन नाकातून करतात. गाठ एक सेंटीमीटरहून लहान असेल तर निष्णात सर्जनच्या हातून दहापैकी साधारण आठ जणांचं हार्मोन ताब्यात येतं. मोठी असेल तर जेमतेम निम्म्यांचं. उरलेल्यांना दरमहा इंजेक्शन, गोळ्या किंवा रेडिएशन. रेडिएशनचा गुण यायला वर्षं लागतात. हातापायांची सूज उतरते, वाढलेलं हाड मात्र मागे येत नाही. पण हार्मोन आटोक्यात राहिलं तर आयुष्य जवळजवळ इतरांइतकंच!

परळच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात, हार्मोनविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. तुमच्या गावात असाल तर फिजिशियनना 'आयजीएफ-१' या रक्ततपासणीबद्दल विचारा. जाताना दहा वर्षांपूर्वीचा फोटो जरूर न्या. रोज बघणाऱ्यांना न दिसलेला बदल डॉक्टरांना त्यात दिसतो.