निरंक आणि कोरा

मोहगाव-सौंसरकडील संत्र्याच्या हिशेबवहीत दोन गोष्टी निराळ्या असतात. माल गेलाच नाही, तर 'निरंक'. नोंद राहून गेली, तर रकाना कोरा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. संगणकाला तो सांगावा लागतो. आणि आकडेमोडीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'पांडाज' या लायब्ररीत तर प्रत्येक क्रिया तो आपापल्या परीने पाळते.

वेस मॅकिनी यांनी २००८ साली पायथन भाषेत ही लायब्ररी रचावयास घेतली. कोऱ्या रकान्याला ती 'नॅन' म्हणते. समजा, पाच दिवसांचे क्रेटचे भाव असे: २००, २४०, कोरा, २८०, २४०. 'मीन' ही क्रिया कोरा दिवस वगळते, ९६० ला ४ ने भागते आणि २४० देते. येथवर तक्रार नाही.

आता पाचही रकाने कोरे धरा. सरासरी येते 'नॅन', बेरीज मात्र शून्य! ज्या महिन्याची नोंदच नाही, त्याचे उत्पन्न निरंक ठरले. पूर्वीची तऱ्हा याहून अजब होती: 'बॉटलनेक' नावाची साहाय्यक लायब्ररी संगणकावर आहे की नाही, यावर हे उत्तर ठरे. ऑक्टोबर २०१७ च्या ०.२१ आवृत्तीने सर्वत्र 'नॅन' केले, तर डिसेंबरातल्या ०.२२ ने ते शून्यावर आणले. काहीच न मिळविल्यास बेरीज शून्य, हे गणिताला धरून आहे खरे; पण कोरा रकाना म्हणजे 'काहीच नाही' नव्हे, 'ठाऊक नाही'. 'मिन काउंट' एक ठेवल्यास मात्र बेरीजही 'नॅन' येते.

प्रमाण विचलनाची गंमत वेगळी. वरील चार भावांचे विचलन पांडाज ३२.६६ सांगते, तर तिचा पाया असलेली 'नमपाय' २८.२८. पहिली ३ ने भागते, दुसरी ४ ने. म्हणजे एक भावांना नमुना मानते, दुसरी संपूर्ण समष्टी. सूत्रे दोन्ही आपल्या पुस्तकात आहेत, पण कोणते लागू केले हे पडद्यावर उमटत नाही.

हिशेबाला सर्वांत घातक क्रिया म्हणजे 'ग्रुपबाय'. व्यापारीवार बेरीज करताना ज्या ओळीत व्यापाऱ्याचे नाव कोरे आहे ती ओळच ती मुकाट्याने गाळते, आणि खात्यांची बेरीज एकूण विक्रीशी जुळत नाही. २०२० च्या १.१ आवृत्तीपासून 'ड्रॉप एनए' हा पर्याय 'फॉल्स' केल्यास अशा ओळींचा वेगळा गट मिळतो. तोवर आपली तेरीज जुळवण्याची जुनी सवयच ही चूक पकडू शकत होती.