पाहुण्याचा गोल

लेखमाला : स्टँडमधून (लेखांक 7)

गेल्या आठवड्यात आपण स्टँडमधल्या ढोल-घोषणांबद्दल बोललो. तो लेख वाचून वाघोलीतल्याच एका वाचकाने प्रश्न विचारला : 'मुंबईला सामना बघायला चाललोय. माझा संघ बाहेरचा, पण तिकीट मिळालं ते यजमानांच्या स्टँडचं. आमचा गोल झाला तर मी उठायचं की नाही?' प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर एक आख्खी संध्याकाळ सांगावी लागेल.

2 फेब्रुवारी 2018, शुक्रवार. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपर लीगचा सामना, एफसी पुणे सिटी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. वाघोली ते बालेवाडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. नगर रस्त्यावर शुक्रवारी संध्याकाळी अडकलो तर पहिला हाफ गेलाच, म्हणून आम्ही साडेचारलाच निघालो. बरोबर सोसायटीतले एक मल्याळी शेजारी होते. तिकिटं मी काढलेली, त्यामुळे पुण्याच्या बाजूची. त्यांनी पिवळी जर्सी घातली होती, वरून जॅकेट. 'चेन लावूनच ठेवतो,' म्हणाले. 'तुमच्यात बसायचंय.'

खुर्चीवर टेकल्याबरोबर त्यांनी पुढच्या रांगेतल्या कुटुंबाला सांगून टाकलं, 'मी केरळवाला आहे हां. चुकून ओरडलो तर रागावू नका.' ते गृहस्थ हसले. त्यांच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने मात्र मागे वळून यांना नीट निरखून घेतलं.

58व्या मिनिटाला जॅकीचंद सिंगने केरळचा गोल केला. आमच्या आसपास एकदम शांतता. शेजाऱ्यांनी दोन्ही मुठी मांडीवर दाबल्या, बसल्या जागी दोनदा टाळ्या वाजवल्या आणि थांबले. 78व्या मिनिटाला पुण्याला पेनल्टी मिळाली, एमिलियानो अल्फारोने बरोबरी साधली, आणि तो मुलगा खुर्चीवर उभा राहून थेट यांच्याकडे तोंड करून नाचू लागला. यांनी हात पुढे केला, 'दे टाळी!' पोराने खणखणीत टाळी दिली.

मग भरपाई वेळेचं तिसरं मिनिट. सी. के. विनीतचा गोल, केरळ 2, पुणे 1. पलीकडच्या कोपऱ्यात पिवळ्या जर्सींचा घोळका उसळला. आमचे शेजारी ताडकन उठले, तोंड उघडलं, आणि त्यांची नजर समोरच्या मुलावर गेली. त्याचे डोळे भरले होते. ते खाली बसले. जॅकेटची चेन शेवटपर्यंत उघडली नाही. मुलाचे वडील वळून म्हणाले, 'गोल मात्र जबरदस्त होता हो,' आणि त्यांनी हात मिळवला.

हे सगळं दहा सेकंदांत घडलं. पाहुण्या समर्थकाने यजमानांत कसं वागावं, याचं सगळं शास्त्र मला त्या दहा सेकंदांत दिसलं.

हा प्रश्न आपल्याकडे वारंवार का येतो, ते आधी समजून घेऊ. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या सामन्याला पाहुण्या क्लबला 3,000 तिकिटं मिळतात. मैदान लहान असेल तर क्षमतेच्या 10 टक्के. युरोपीय क्लब स्पर्धांत हा वाटा 5 टक्के असतो. त्या प्रेक्षकांचा स्टँड वेगळा, फाटक वेगळं. यजमानांच्या भागात पाहुण्या संघाची जर्सी घालून बसलात, तर तिथले कर्मचारी तुम्हाला उठवून बाहेर काढू शकतात. आपल्याकडे माणूस बहुतेक वेळा तिकीट काढतो ते किंमत बघून, स्टँड बघून आणि मित्र कुठे बसलेत ते बघून. एकाच रांगेत नवरा एका संघाचा, बायको दुसऱ्या संघाची, असंही असतं. मध्ये भिंत नाही, जाळी नाही. म्हणून भिंतीचं काम माणसाच्या वागण्याला करावं लागतं.

ते झालं नाही तर काय होतं, हे फुटबॉलने दोन संध्याकाळी पाहिलं आहे. पहिली आपल्याच देशातली. 16 ऑगस्ट 1980, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. खेळाडूंमधली झटापट स्टँडमध्ये पोहोचली. तिथे दोन्ही संघांचे समर्थक एकत्र बसले होते. मारामारी, पळापळ, चेंगराचेंगरी. 16 जण सामना बघायला गेले ते घरी परतले नाहीत. बंगालमध्ये तो दिवस आजही फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळला जातो.

दुसरी 29 मे 1985ची, ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममधली. लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांची युरोपियन कपची फायनल. झेड नावाचा एक भाग तटस्थ प्रेक्षकांसाठी राखून ठेवला होता, पण त्याची तिकिटं मोठ्या संख्येने युव्हेंटसच्या चाहत्यांकडे गेली. शेजारीच लिव्हरपूलचे समर्थक, मध्ये फक्त तकलादू जाळी. सामना सुरू होण्याआधीच लिव्हरपूलचे काही समर्थक जाळी तोडून घुसले, घाबरलेली माणसं एका भिंतीकडे लोटली गेली आणि ती भिंत कोसळली. 39 माणसं मेली. बहुतेक इटालियन. त्यानंतर इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांतून 5 वर्षं बाहेर ठेवण्यात आलं, लिव्हरपूलला 6.

या दोन तारखा सांगितल्या त्या घाबरवायला नव्हे. 'एवढं काय, खेळच तर आहे' असं म्हणणाऱ्याने त्या एकदा लक्षात घ्याव्यात, इतकंच.

आता आपल्या मातीत या. परगावच्या समर्थकाने यजमान गावात बसायची रीत महाराष्ट्राला फुटबॉलच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. यात्रेतला कुस्तीचा फड आठवा. बाहेरगावचा पैलवान येतो, त्याच्याबरोबर त्याच्या गावची चार माणसं येतात आणि यजमान गावाच्या गर्दीतच मातीकडेला बसतात. वेगळा स्टँड कुठला? त्यांचा पैलवान जिंकला, तर तो फडाला फेरी मारतो आणि हरलेल्या गावाचे लोकही त्याच्या हातावर नोट ठेवतात. जिंकलेल्या बाजूची माणसं हरलेल्या वस्तादासमोर नाचत नाहीत. ही रीत कुणी कागदावर लिहिलेली नाही, पण जी पोरं लहानपणापासून फडावर बसली, त्यांना ती न सांगता कळते.

फुटबॉल आणि फड यांचं नातं कोल्हापुरात तर नावातच आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ : जिथे कुस्ती वाढली, तिथेच फुटबॉलचे संघ उभे राहिले. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्या ईर्ष्येने राजर्षी शाहू स्टेडियमची गॅलरी भरते. असा लळा महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्याही गावाने या खेळाला लावलेला नाही. अनिकेत जाधवसारखा खेळाडू याच शहराने दिला. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. पण याच गॅलरीतल्या हुल्लडबाजीने सामने थांबलेत आणि मोठ्या लढतींना कडेकोट पोलीस बंदोबस्त लावावा लागलाय, हेही खरं आहे. तालमीने आपल्याला ईर्ष्या दिली, तशी फडाची रीतही दिली होती. ईर्ष्या आपण जपली, रीत मात्र हातची निसटू दिली. ती परत आणायची असेल, तर सुरुवात आपल्या खुर्चीपासून करायला हवी.

म्हणून वाचकाच्या प्रश्नाकडे येतो आणि काही गोष्टी स्पष्टच सांगतो.

तिकीट काढताना आधी पाहुण्यांसाठी वेगळा स्टँड आहे का, ते बघा. असेल तर तिथेच जा. नसेल तर गोलपोस्टच्या मागचा भाग टाळा. यजमानांचे संघटित चाहते बहुधा तिथे असतात. मुंबई सिटीची वेस्ट कोस्ट ब्रिगेड, केरळची मंजप्पडा, पूर्वी आपल्या पुणे सिटीची ऑरेंज आर्मी. ही माणसं नव्वद मिनिटं उभी राहून गातात, ढोल वाजवतात. ते त्यांचं घर आहे. तिथे दुसऱ्या रंगाची जर्सी घालून उभं राहणं म्हणजे परक्याच्या देवघरात चपला घालून जाणं. मैदानाच्या लांब बाजूला, कुटुंबं बसतात तिथे, जर्सी सहसा खपून जाते. तरी वर जॅकेट असू द्या.

बसल्यावर शेजारच्यांना सांगून टाका, की मी त्या संघाचा. लपवलेली निष्ठा पहिल्या गोलला बाहेर येते आणि मग ती आगळीक वाटते. आधी सांगितलं की समोरचा माणूस आपसूक यजमान होतो. त्याला तुम्हाला सांभाळून घ्यावंसं वाटतं.

गोल झाला तर आनंद करा. आनंद दाबायला कुणी सांगितलेलं नाही. पण तो मैदानाकडे तोंड करून करा, माणसांकडे वळून करू नका. बसून वाजवलेली टाळी कुणाला खुपत नाही. मागच्या रांगेकडे वळून उगारलेली मूठ खुपते. आणि गोल जितका उशिराचा, तितका आवाज कमी ठेवा. पाचव्या मिनिटाचा गोल यजमानाला विसरायला वेळ मिळतो, त्र्याण्णवाव्या मिनिटाचा नाही.

रेफरीच्या निर्णयावर यजमानांशी वाद घालू नका. पेनल्टी होती की नव्हती, हे घरी जाऊन रिप्ले बघून ठरवा. स्टँडमध्ये तो वाद कुणी कधी जिंकलेला नाही.

यजमानांनी चिडवलं तर हसून घ्या, कारण चिडवणं हा खेळाचा भाग आहे. पण जात, धर्म, भाषा, प्रांत, रंग किंवा घरातल्या बायका यांच्यावर कुणी घसरलं, तर ते चिडवणं उरत नाही. अशा वेळी उत्तर देऊ नका. जवळच्या सुरक्षारक्षकाला सांगा, जागा बदला. बरोबर मूल असेल तर एक क्षणही थांबू नका.

सामना संपल्यावर जिंकलात तर पाच मिनिटं बसून राहा, गर्दी ओसरू द्या, आणि पार्किंगमध्ये घोषणा देऊ नका. बाटल्या, कागद उचलून न्या. जपानचे प्रेक्षक विश्वचषकात परक्या देशातल्या स्टेडियमचा आपला स्टँड झाडून निघतात, जिंकोत की हरोत. पाहुणा निघाला की घर घाण दिसू नये, हे आपल्या आज्यांनाही पटलं असतं.

हे झालं पाहुण्याचं. यजमानाचं कर्तव्य यापेक्षा मोठं आहे, कारण संख्या त्याच्या बाजूने आहे. चारशे जणांत एकटा बसलेला पिवळ्या जर्सीवाला हा त्या सगळ्या चारशे जणांची जबाबदारी असतो. त्याला कुणी धक्का दिला तर मधे पडणं हे त्याच्या मित्राचं नव्हे, आपलं काम आहे. बालेवाडीच्या त्या रात्री शेजाऱ्यांनी स्वतःला आवरलं, हे मी सांगितलं. पण त्या वडिलांनी हरल्या क्षणी मागे वळून हात मिळवला, हे मला त्याहून अवघड वाटतं. त्यांचा मुलगा ते बघत होता. तो आज कुठल्यातरी स्टँडमध्ये बसत असेल, तर तिथे पाहुण्याला कसं वागवायचं हे त्याला माहीत असेल.

शेवटी आपल्या वाघोलीबद्दल. इथल्या सोसायट्यांत केरळ, बंगाल, गोवा, ईशान्येकडची राज्यं, सगळीकडची माणसं राहतात. क्लबहाऊसमध्ये मोठ्या पडद्यावर सामना लावला की तिथेही हाच प्रश्न उभा राहतो. पाहुणा कोण आणि यजमान कोण, एवढंच दर आठवड्याला बदलतं. शिवाय 2019मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला, आणि पुणेकराला या लीगमध्ये स्वतःचा स्टँड उरला नाही. सप्टेंबर 2023मध्ये मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना इराणच्या नसाजी संघाविरुद्ध बालेवाडीत खेळला, तेव्हा आपण आपल्याच शहरातल्या मैदानावर मुंबईच्या घरी पाहुणे होतो. आज वाघोलीचा फुटबॉलप्रेमी लीगच्या कुठल्याही मैदानावर गेला, तरी तो पाहुणाच असतो. ज्या गावाला सतत पाहुणा व्हावं लागतं, त्याने पाहुण्याची रीत सगळ्यांत चांगली पाळून दाखवावी.

तेव्हा विचारणाऱ्या वाचकाला उत्तर : गोल झाला तर जरूर उठा. पण उठण्याआधी समोरच्या रांगेत कोण बसलंय, ते एकदा बघा.