सहा वर्षांपुढचं मूल
(लेखमाला : ओटीतलं मूल — लेखांक सातवा)

गुरुसप्तमीला मोहनखेड्याची वाट धरली की राजगढपासूनच गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकू लागतात. धार जिल्ह्यात, सरदारपूर तालुक्यात हे जैन तीर्थ आहे. ‘अभिधान राजेंद्र कोश’ हा सात खंडांचा कोश रचणारे राजेंद्रसूरी महाराज यांची समाधी इथे आहे. पौष शुद्ध सप्तमी ही त्यांची जन्मतिथीही आणि पुण्यतिथीही. त्या दिवशी माळवा, गुजरात, राजस्थान अशा चहूकडून माणसं लोटतात. आम्ही इंदूरहून गेलो होतो. मंडपात ध्वनिक्षेपकावर एकच घोषणा पुन्हापुन्हा चालली होती : निळा स्वेटर, चार वर्षांचा मुलगा, स्वतःचं नाव सांगतो, गाव सांगता येत नाही, कार्यालयात बसवून ठेवला आहे. थोड्या वेळात त्याची आई धापा टाकत आली. तिला चार प्रश्न विचारले गेले, मग मूल तिच्या कडेवर दिलं गेलं.

त्याच दुपारी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात एक संदेश आला. दोन लहान मुलींचा फोटो. खाली मजकूर : आई-वडील अपघातात गेले, कुणाला दत्तक घ्यायच्या असतील तर या नंबरवर फोन करा, पुढे पाठवा, पुण्य लागेल. पाठवणारी माझी मावसबहीण, मनाने फार चांगली बाई. तिने तो दुसऱ्या कुठल्या गटातून उचललेला. त्यात गावाचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, मुली आत्ता कुणाजवळ आहेत याचा पत्ता नव्हता.

दोन्हींतली तळमळ सारखीच होती. पण घोषणेमागे कार्यालय होतं, जबाबदार माणूस होता, मूल कुणाच्या हाती द्यायचं याची विचारपूस होती. संदेशामागे फक्त दहा आकडे होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत असे संदेश इतके पसरले की जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनाथ मुलांच्या बेकायदा दत्तक व्यवहारांवर कारवाई करण्याचे आदेश राज्यांना दिले. बाल न्याय अधिनियम, २०१५ याबाबत स्पष्ट आहे. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला कलम ७४ मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनाथ, टाकलेलं किंवा आई-बापांनी सुपूर्द केलेलं मूल कायद्याची वाट सोडून दत्तक दिलं-घेतलं तर कलम ८० प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाची खरेदी-विक्री झाली तर कलम ८१ आहे, आणि तिथे सक्तमजुरी आहे.

मग इंटरनेटवरून दत्तकाचा प्रचार करायचाच नाही का? करायला हवा, आणि आज होतो त्याच्या कितीतरी पट व्हायला हवा. फक्त तो कुणासाठी करायचा हे आधी ठरवावं लागेल. तान्ह्या बाळासाठी प्रचाराची गरजच उरलेली नाही. गरज आहे ती मोठ्या मुलासाठी.

हे सांगण्याआधी याच मुलखातल्या दोन जुन्या गोष्टी. धारच्या पवारांच्या घरात दुसरे आनंदराव १८०७ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी मैनाबाई यांचा मुलगा रामचंद्रराव अगदी लहान असताना १८१० मध्ये गेला. शिंदे-होळकरांच्या रेट्यात राज्य तग धरेल असं कुणाला वाटत नव्हतं. मैनाबाईंनी आपल्या बहिणीचं मूल दत्तक घेतलं, गादीवर बसवलं, त्यालाही रामचंद्रराव हेच नाव दिलं आणि संस्थान वाचवलं. बाईंच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण त्या दुसऱ्या बाळाला स्वतःचं नावही मिळालं नाही. गेलेल्या मुलाची रिकामी जागा भरणं हेच त्याचं काम होतं.

दुसरी गोष्ट देवासची. थोरल्या पातीचे कृष्णाजीराव निपुत्रिक वारले आणि १८९९ मध्ये त्यांचा पुतण्या गादीवर दत्तक आला. त्याचं नाव केशवराव होतं, ते तुकोजीराव झालं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर पुढे ज्यांच्याकडे काही महिने खासगी सचिव होते, ते हेच तिसरे तुकोजीराव. दत्तक झाले तेव्हा त्यांचं वय अकरा. बडोद्याची गोष्ट तर घराघरांत माहीत आहे : मालेगावजवळच्या कवळाण्याच्या गोपाळला महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. तो सयाजीराव झाला.

अकरा वर्षांचा, बारा वर्षांचा. लिहिता-वाचता न येणारा, खेड्यातल्या धुळीत वाढलेला मुलगाही राजवाड्याने आपला म्हणून घेतला, कारण गादीला तो हवा होता. आज गादी नाही. आज कायदा उलटा प्रश्न विचारतो : घराला मूल हवं आहे हे ठीक, पण या मुलाला घर कुठलं? आणि नेमक्या या टप्प्यावर, अकरा वर्षांचं मूल समोर आलं की आपण मान फिरवतो.

मुलासाठी घर शोधण्याचा हा दुसरा विचार आपल्याकडे नव्हताच असं मात्र नाही. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये आपला केला. त्यांना गादी चालवायची नव्हती. यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांसाठी झटल्या तेव्हा तोही त्या कामात होता. पंढरपूरला प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ चा. मराठी माणसाला ही वाट दीडशे वर्षं ठाऊक आहे.

आता आजची पद्धत. १ ऑगस्ट २०१५ पासून देशातली दत्तक नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवरून होते. संस्थेच्या दारात ओळख लावण्याचे दिवस त्यामुळे संपले, आणि ते चांगलंच झालं. पालक ऑनलाइन नोंदणी करतात, समाजसेविका घरी येऊन गृहभेट अहवाल लिहिते, मग क्रमाने नंबर लागतो. मुलाची माहिती पोर्टलवर दिसली की ४८ तासांत होकार कळवायचा असतो. न्यायालयाऐवजी आता जिल्हाधिकारी दत्तक आदेश देतात. ती दुरुस्ती २०२१ ची. नोंदणी केलेली तीस हजारांहून अधिक कुटुंबं रांगेत आहेत, आणि २०२४-२५ या वर्षात देशा-परदेशात मिळून दत्तक गेलेली मुलं होती ४,५१५. त्यातली ४,१५५ देशातच राहिली. तान्ह्या, निरोगी बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं ते यामुळे.

पण त्याच पोर्टलवर आणखी एक विभाग आहे, त्याच्याकडे रांगेतले बहुतेक पालक वळतच नाहीत. ज्या मुलांना क्रमाने आलेल्या पालकांनी नाही म्हटलं, जी मोठी आहेत, भावंडांसोबत आहेत किंवा ज्यांना आजारपण वा अपंगत्व आहे, ती तिथे असतात. नोंदणी आणि गृहभेट झालेल्या पालकाला त्यांच्यासाठी रांगेत तिष्ठत बसावं लागत नाही. वयाची अटही सैल आहे : दोन वर्षांखालच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत चालते, आठ वर्षांपुढच्या मुलासाठी ११० पर्यंत. पन्नाशीतल्या जोडप्यांना कुणीतरी ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवतं. त्यांना हा आकडा माहीतच नसतो.

अमेरिकेत मोठ्या मुलांसाठी वेगळा मार्ग निघाला. तिथे फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या सांभाळाच्या घरी, राहून दत्तकाची वाट पाहणारी मुलं तेव्हा लाखाच्या घरात होती. २००१ मध्ये न्यू मेक्सिकोत छायाचित्रकारांनी अशा मुलांची सुंदर छायाचित्रं काढून प्रदर्शन मांडलं. ‘हार्ट गॅलरी’ या नावाने ते राज्याराज्यांत पसरलं. २००२ पासून ‘अडॉप्ट-यूएस-किड्स’ या संकेतस्थळावर मुलांचे फोटो, आवडीनिवडी, स्वभाव यांची माहिती दिली जाऊ लागली. त्यातून पुष्कळ मुलांना घर मिळालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी आपण तो मार्ग धरू नये असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे मूल शाळेत जातं ते त्याच तालुक्यात, बाजारात ओळखलं जातं ते आडनावाने. ‘हिला कुणी घेतलं नाही’ हा शिक्का दहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यासकट इंटरनेटवर पडला तर तो पुसायला कुठलीच समिती येणार नाही. मुलाचा चेहरा झाकलेला राहू दे. त्याच्यापर्यंत जाणारी वाट मात्र मोठ्या अक्षरांत दाखवू या.

ही वाट आता आणखी एका दिशेने मोकळी झाली आहे. बालगृहात अशी पुष्कळ मुलं असतात की ज्यांना कागदावर आई किंवा बाप आहे, पण वर्षानुवर्षं भेटायला कुणी येत नाही. दत्तकासाठी ती कायद्याने मोकळी नसतात, घरीही जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी प्रतिपालकत्व आहे, म्हणजेच फॉस्टर केअर : मूल तुमच्या घरात राहतं, तुमच्या ताटात जेवतं, शाळेत जातं, कायद्याने मात्र ते अजून तुमचं झालेलं नसतं. केंद्राच्या २०१६ च्या नियमावलीत मूल पाच वर्षं अशा घरात राहिल्यावर ते कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकत होतं. २०२४ च्या सुधारित नियमावलीने ही मुदत दोन वर्षांवर आणली. आधी फक्त जोडप्यांनाच परवानगी होती. आता ३५ ते ६० वयाची अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित माणसंही पुढे येऊ शकतात. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. सहा वर्षांवरची मुलं यात येतात. अर्ज पोर्टलवरूनच करायचा; तो जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो आणि निर्णय बालकल्याण समिती घेते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेतून अशा मुलामागे महिन्याला चार हजार रुपयांची मदतही आहे. नोव्हेंबर २०२४ च्या दत्तक जागृती महिन्याचा विषयच मोठ्या मुलांचं प्रतिपालकत्व आणि त्यातून दत्तक हा होता. जागृती महिना आला तसा गेला, आणि माझ्या परिचयातल्या दहापैकी नऊ घरांना त्याचा पत्ताही लागला नाही. नातेवाइकांच्या गटांतून पुढे पाठवायचं ते हे.

‘दोन वर्षं लळा लावायचा आणि मग मूल गेलं तर?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. प्रश्न खरा आहे. मुलाची आई सावरून परत आली, समितीने मूल तिच्याकडे दिलं, असं होऊ शकतं, आणि ज्याला हे सोसवणार नाही त्याने प्रतिपालक होऊ नये. पण या दोन वर्षांकडे मुलाच्या बाजूनेही बघा. सात-आठ वर्षांचं मूल घरी येतं तेव्हा पहिले काही आठवडे ते अगदी शहाण्यासारखं वागतं. मग एक दिवस ताट भिरकावतं. उशीखाली पोळी लपवतं, कारण उद्या मिळेल याची खात्री त्याला कधी नव्हती. ‘तुम्ही मला परत पाठवणार ना?’ हे विचारण्याची ही त्याची रीत असते. दत्तक घेतलेलं मूल परत पाठवण्याचे दुर्दैवी प्रकार होतात, आणि त्यात मोठी मुलं अधिक असतात. कागद आधी आणि ओळख नंतर, या घाईतून ते होतं. इथे ओळख आधी होते. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती दत्तकाला लागतेच. दोन वर्षं तुमच्या घरात राहून दिलेली संमती काचेच्या खोलीत अर्धा तास भेटून दिलेल्या संमतीहून कितीतरी वजनाची.

आणि एक कळकळीची विनंती : मोठ्या मुलाचं नाव बदलू नका. आडनाव तुमचं लागेल, ते पुरे आहे. संस्थेतल्या ताईने ठेवलेलं का असेना, ज्या नावाला त्याने आजवर ‘ओ’ दिली, ती त्याच्यासोबत आलेली एकुलती एक मालमत्ता असते. धारच्या रामचंद्ररावाला दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं, कारण त्याला कुणाच्या तरी जागी बसायचं होतं. तुमच्याकडे येणारं मूल कुणाच्या जागी येत नाही.

मावसबहिणीला मी त्या संध्याकाळी फोन केला. तिने संदेश काढून टाकला आणि विचारलं, ‘पण त्या मुली खऱ्या असल्या तर?’ तेव्हा तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. असा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका. १०९८ या क्रमांकावर फोन करा आणि त्यातला नंबर तिथे कळवा. हा फोन धारला लागतो, देवासला लागतो, नाशिक-नागपूरलाही लागतो, रात्री-अपरात्रीही लागतो. आणि हे वाचताना सहा वर्षांपुढच्या मुलाचा विचार तुमच्या घरात क्षणभर जरी डोकावला असेल, तर या आठवड्यात आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात एकदा जाऊन या. अर्ज नंतर भरा. आधी नुसतं विचारून या.