घरचें वाद्य आणि घरचा गलबला

वडिलांच्या वेळची सतार, दिलरुबा किंवा मिरजेचा तंबोरा कित्येक घरांत आजहि खोळींत जपून ठेवलेला आढळतो. तें वाद्य वाजविणारा हात मात्र बहुधा सत्तरीच्या पलीकडे गेलेला असतो. वाद्य पुढील पिढीस मिळेल, पण हात मिळणार नाहीं. म्हणून त्या हाताचा नाद नातवंडांसाठीं मुद्रित करून ठेवावा, अशी इच्छा पुष्कळांस होते, आणि खिशांत मोबाईल असल्यामुळें तें काम सोपें वाटतें. परंतु मुद्रण ऐकावयास बसलें म्हणजे सतारीच्या आधीं ऐकूं येतो तो विजेचा पंखा! नको तो आवाज वगळून हवा तो ऐकण्याचा विवेक आपल्या मनास असतो, तसा तो यंत्रास नसतो.

पूर्वी अडचण नेमकी उलट होती. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें, त्या काळीं कर्ण्यांत तोंड घालून खड्या आवाजांत गावें लागे. हळुवार नाद तबकडीवर उमटतच नसे. व्हायोलिनचा आवाज पोहोंचावा म्हणून पाश्चात्यांनीं त्यासहि धातूचा कर्णा जोडला होता. १९२५ सालापासून मायक्रोफोनचें युग सुरू झालें. आज टांचणी पडली तरी ती मुद्रित होते. आणि तिच्याबरोबर कुकरची शिट्टीहि होते.

यावर कोणी म्हणतील, ‘आधीं मुद्रण करावें, गोंगाट मागाहून संगणकानें पुसून टाकावा.’ आमच्या मतें आपल्या वाद्यांच्या बाबतींत हा मार्ग धोक्याचा आहे. असलीं साधनें बहुधा सतत एकसारखा राहणारा आवाज हाच गोंगाट समजतात व तो वजा करतात. पंख्याची घरघर एकसारखी असते हें खरें. पण तंबोऱ्याचा झंकार तरी दुसरें काय असतो? दूरस्थ शिकवणीच्या वेळीं तंबोरा मधूनच नाहींसा होतो तो यामुळेंच, आणि म्हणूनच ‘झूम’मध्यें संगीतासाठीं ‘ओरिजिनल साउंड’ ही निराळी सोय ठेवलेली आहे. सतारीच्या मिंडीचा विरत जाणारा शेवट व तरफांची गुणगुण यांचाहि असाच बळी जातो. तेव्हां गोंगाट पुसण्यापेक्षां तो मुळांत होऊंच न देणें हेंच श्रेयस्कर.

प्रथम कोणीहि न वाजवितां केवळ खोलीचें एक मिनिट मुद्रण करावें आणि तें कानाला इअरफोन लावून ऐकावें. मग घड्याळाची टिकटिक, फ्रीजची गुणगुण, चार्जरची किणकिण, लॅपटॉपचा पंखा असे एकेक अपराधी सांपडूं लागतात. ते क्रमानें बंद करावे. अर्धा तास दार न उघडतां फ्रीज बंद राहिला तर अन्न नासत नाहीं. मात्र तो पुन्हां चालू करण्याचें काम एका नेमक्या व्यक्तीकडे सोंपवावें.

दुसरी गोष्ट अंतराची. मायक्रोफोन वाद्याच्या दुप्पट जवळ आणला, म्हणजे तीन फुटांवरून दीड फुटावर घेतला, कीं वाद्याचा आवाज सुमारें ६ डेसिबलनें वाढतो, आणि खोलीचा गलबला होता तेवढाच राहतो. एवढा लाभ एक पैहि न खर्चतां होतो. याहून फार जवळ गेल्यास नखीचा खरखराट वाढतो. मायक्रोफोन एकाच दिशेनें ऐकणारा असेल तर त्याची पाठ खिडकीकडे करावी.

तिसरी गोष्ट गोधड्यांची. भिंतींवर गोधड्या टांगल्या कीं रस्त्याचा आवाज थांबतो, असा एक भ्रम आहे. मऊ वस्त्र खोलींतील प्रतिध्वनि शोषून घेतें. बाहेरचा आवाज अडविण्यास जडपणा लागतो व फटी बुजवाव्या लागतात. म्हणून जाड गोधडी गुंडाळून दाराखालच्या फटींत दाबावी, आणि खालीं सतरंजी अंथरून कपड्यांच्या कपाटाजवळ बैठक घालावी.

मोबाईलमध्यें आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय असल्यास ती बंद ठेवावी. नाहींतर वादनांतील विरामांत यंत्र गोंगाटच मोठा करतें. खालचे स्वर गाळण्याची चाळणी लावतांनाहि जपावें. काळी एकमध्यें लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ हर्ट्झवर असतो. ८० वर चाळणी लावली तर त्याचा पायाच कापला जातो. मुद्रणाची मूळ प्रत, कांहींहि संस्कार न करतां, निराळी राखून ठेवावी.

इतकें करूनहि एकत्र कुटुंबांत खरी साधना राहते ती माणसांची. दहा जणांच्या घरांत अर्धा तास शांतता मिळविणें हें उत्तम मायक्रोफोन मिळविण्यापेक्षां कठीण! पाण्याचा पंप केव्हां सुरू होतो, दूधवाला केव्हां येतो, हें पाहून वेळ आधीं ठरवावी. स्वयंपाक त्यापूर्वींच आटोपावा, दाराची घंटा बंद करावी, आणि मुलांस दटावून बाहेर घालविण्याऐवजीं त्यांना आंत बसवून ऐकूं द्यावें. आजोबांच्या वादनासाठीं सारें घर एकदां निःशब्द बसलें, ही आठवण त्या मुलांजवळ मुद्रणाइतकीच दीर्घकाळ राहील.