सोनेरी ढालीवरचा भाला

लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलपासून हाकेच्या अंतरावर कॉलेज ऑफ आर्म्स आहे. घराण्यांची कुलचिन्हं मंजूर करणारं आणि त्यांच्या नोंदी सांभाळणारं हे दफ्तर. १४८४ साली राजा तिसऱ्या रिचर्डनं त्याला सनद दिली. १६६६च्या मोठ्या आगीत इमारत जळून खाक झाली, कागद मात्र जवळजवळ सगळे वाचले. म्हणूनच २० ऑक्टोबर १५९६ या तारखेचे दोन कच्चे मसुदे आज आपल्याला पाहता येतात. स्ट्रॅटफर्डच्या जॉन शेक्सपिअरला कुलचिन्ह देण्याचे मसुदे. जॉन म्हणजे हातमोजे शिवणारा कारागीर, विल्यम शेक्सपिअरचे वडील.

त्यातला एक मसुदा अगदी जवळून पाहावा. कोपऱ्यात ढालीचं घाईत काढलेलं चित्र, आणि वर जुन्या फ्रेंचमधलं ब्रीदवाक्य : ‘नॉन सांझ द्रॉइक्ट’, म्हणजे ‘हक्काविना नव्हे’. पण लिहिणाऱ्यानं ‘नॉन’पुढे स्वल्पविराम दिला आणि अर्थच फिरला : ‘नाही, हक्क नसताना’. ते खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तोच स्वल्पविराम! तेही खोडलं. शेवटी मोठ्या अक्षरांत, स्वल्पविराम गाळून, ब्रीद नीट उतरलं. सव्वाचारशे वर्षांपूर्वी अडखळलेला हात कागदावर अजून दिसतो.

याहून नवल वाटतं ते मसुद्यातल्या शब्दांचं. कुलचिन्ह म्हणजे मुळात चित्र नव्हेच, ते शब्दांत बांधलेलं वर्णन असतं. सोनेरी ढाल, तिच्यावर तिरका काळा पट्टा, पट्ट्यावर सोनेरी भाला, भाल्याचं टोक चांदीचं. ढालीच्या माथ्यावर पंख पसरलेला, पंजात भाला धरलेला रुपेरी ससाणा. एवढे शब्द पाळले की चित्रकारानं ढाल रुंद काढावी, निमुळती काढावी, हरकत नाही. बंदिश एकच असते, गळा ज्याचा त्याचा. आणि भालाच का? ‘शेक’ म्हणजे हलवणं, ‘स्पिअर’ म्हणजे भाला. आडनावच ढालीवर चढलं!

आपल्याकडे देवक अख्ख्या कुळाचं असतं. इंग्लंडमधली ढाल तशी आडनावाची नसते. ती एका माणसाला मिळते आणि त्याच्या वंशात उतरते. त्यामुळे मूळ शोधणाऱ्यानं आडनावामागे न धावता आधी विचारावं : ही कोणाला मिळाली, कधी, कोणी मागितली?

शेक्सपिअरच्या बाबतीत शेवटचा प्रश्न फार गोड आहे. सनद वडिलांच्या नावावर, पण १५९६मध्ये लंडनच्या रंगभूमीवर नाव आणि पैसा कमावत होता तो मुलगा. १६०२ साली राल्फ ब्रुक या दफ्तरातल्याच अधिकाऱ्यानं तक्रार केली, की वरिष्ठांनी लायकी नसलेल्यांना ढाली वाटल्या. त्या यादीत शेक्सपिअरची ढाल होती, आणि नाव लिहिलं होतं ‘शेक्सपिअर द प्लेयर’, म्हणजे नट. २०१६ साली वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या हेदर वुल्फ यांनी या ढालीच्या डझनभर जुन्या नोंदी उजेडात आणल्या. त्यांतल्या कित्येकांत ढाल जोडली आहे ती नाटककाराशीच. मला हा पुरावा पुरेसा वाटतो. बापाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी मुलानंच खटपट केली असणार.

पण त्या तारखेकडे पुन्हा एकदा पाहा. २० ऑक्टोबर. त्याच वर्षी ११ ऑगस्टला स्ट्रॅटफर्डमध्ये विल्यमचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट पुरला गेला होता. अकरा वर्षांचा. ज्याच्याकडे ही ढाल पुढे जायची, तो मसुदा लिहिला जाण्याआधीच गेला होता. मुलींच्या बाजूनं उरलेली शेवटची नात, एलिझाबेथ, १६७०मध्ये वारली. ढाल मात्र स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये विल्यमच्या स्मारकावर आजही आहे, भाल्यासकट.