ऊसबिलातून घेतलेल्या वस्तू : किती टनाच्या आणि किती समाधानाच्या?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आठ-पंधरा दिवसांत गावात नव्या वस्तू दिसू लागतात. कुणाच्या हातात नवा मोबाईल, कुणाच्या दारात मोटारसायकल, कुणाच्या विहिरीवर नवा स्टार्टर. यात वावगे काहीच नाही. वर्ष-दीड वर्ष घाम गाळल्यावर माणसाने हौस करू नये तर कधी करावी? तथापि गटातून फिरताना दुसरी बाजूही नजरेस पडते. गेल्या वर्षीची वस्तू माळ्यावर धूळ खात पडलेली असते आणि खताच्या उधारीचे पान मात्र तसेच उघडे असते. म्हणून या खेपेस खोडव्याचे खत, पाचट हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून, गेल्या वर्षभरात आमच्या घरी आलेल्या वस्तूंचा हिशेब मांडत आहे. आपणा सर्वांना थोडाफार उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

किंमत टनात मोजा

आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो, पूर्वहंगामी १४ ते १५ आणि सुरू १२. म्हणजे बिलाची रक्कम एकदम हाती पडली तरी ती दीड वर्षाची मजुरी असते. एकरकमी पैसा मोठा दिसतो, आणि म्हणून वस्तू स्वस्त वाटते.

यावर साधा उपाय आहे. बियाणे, खत, पाणी, मजुरी आणि सोसायटीचे देणे भागून टनामागे आपल्या हाती काय राहते, तो आकडा काढावा. समजा, १,००० रुपये राहतात. मग १५,००० रुपयांचा मोबाईल १५ टनांचा झाला. एकरी ४० टन उतारा धरला तर गुंठ्याला १ टन येतो. म्हणजे १५ गुंठे ऊस आपण निव्वळ त्या मोबाईलसाठी वाढवला. ज्याचा त्याचा आकडा वेगळा असेल, तो घालून हिशेब करावा. दुकानात उभे राहून हे गुंठे डोळ्यांपुढे आणले की निम्म्या वस्तू आपोआप नको वाटतात, आणि ज्या उरतात त्या घेताना मन खात नाही.

दुसरी गोष्ट, ती वस्तू वर्षातले किती दिवस हातात राहणार, हेही विचारावे.

अंगावरचे कपडे व पायातले बूट

यंदा पूर्ण बाह्यांचे दोन सुती शर्ट शिवून घेतले. टेरिकॉटचा कपडा चुरगळत नाही आणि लवकर वाळतो हे खरे. पण एप्रिल-मे महिन्यात उसाच्या सरीत वारा नसतो, घाम जिरत नाही आणि कापड अंगाला चिकटते. उसाच्या पानाची धार व कूस यांपासून हात वाचतात ते पूर्ण बाहीमुळे. लग्नकार्यासाठी टेरिकॉट असू द्यावे, रानासाठी सुतीच बरे.

गुडघ्याजवळ येणारे गमबूट घेतले. उसात उंदीर फार, आणि उंदरामागे साप येतो. बुटाने धोका कमी होतो, संपत नाही. दंश झाल्यास मांत्रिक, चिरा देणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठावा, तिथेच प्रतिविष मिळते. बूट काढून ठेवल्यावर पुन्हा घालताना आधी झटकून घ्यावेत.

डोक्याची बॅटरी

सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त समाधान दिले ते या वस्तूने. जिथे अजून रात्रपाळीची वीज आहे, तिथे रात्री पाणी धरणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातात टॉर्च आणि एका हाताने खोरे, ही कसरत संपली. पाचशे रुपयांची वस्तू, म्हणजे वरच्या हिशेबाने अर्धा गुंठा.

बॅटरीचा फवारणी पंप

१६ लिटरचा पंप घेतला. दांडा हलवण्याचा त्रास नाही, दाब एकसारखा राहतो, खांदा दुखत नाही. पण या पंपातली १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी ठेवली की आतून खराब होते. हंगाम संपल्यावर पंप तसाच कोपऱ्यात टाकतात आणि पुढच्या वेळी दुकानदाराला शिव्या देतात. काम नसले तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी. तणनाशकाचा पंप व नोझल शक्यतो वेगळे ठेवावे. टू-फोर-डी मारलेला पंप वरवर धुऊन भाजीपाल्यावर वा द्राक्षावर नेला, तर राहिलेल्या अंशानेही पीक वाकडे होते.

मोबाईल, आणि हातातले घड्याळ

जुना मोबाईल दुपारपर्यंतच टिकत होता. नवा घेण्याऐवजी त्याची बॅटरी बदलून घेतली. ऊस नोंद, बिलाचा संदेश, हवामान, पोरीच्या शाळेचे निरोप, सर्व कामे पूर्वीप्रमाणे चालतात. नवा घेणारांनी कॅमेऱ्याचा आकडा पाहण्याआधी तो भर उन्हात धरून पडदा दिसतो का ते पाहावे. आपले काम रानात, दुकानातल्या सावलीत नव्हे. पुतण्याने हौसेने पावले मोजणारे घड्याळ दिले. दिवसाकाठी दोन-तीन गावची राने तुडवणाऱ्याला ते रोज शाबासकी देते. शाबासकी कुणाला आवडत नाही? पण पदरचे पैसे घालून मी ते घेतले नसते.

कपडे धुण्याचे यंत्र

यासाठी सौ. तीन वर्षे म्हणत होत्या. पूर्ण स्वयंचलित यंत्राला नळाला सतत दाब व वीज लागते. आमच्याकडे दोन्हींचा भरवसा नाही. म्हणून बादलीने पाणी भरता येईल असे अर्धस्वयंचलित घेतले. चिखलाचे, पाचटाच्या धुळीचे कपडे हाताने घासणे बंद झाले. वर्षाचे ३०० दिवस तरी ते चालते. बिल ज्याच्या नावावर निघते त्यानेच खरेदी ठरवायची, असा अलिखित नियम पुष्कळ घरांत आहे. ज्यांचे कष्ट वाचायचे आहेत त्यांना आधी विचारले तर पैसा योग्य जागी पडतो.

विहिरीवरचा ऑटो स्विच

आता महत्त्वाचा मुद्दा. यंदा सर्वांत जास्त खप मोबाईल स्टार्टर व ऑटो स्विच यांचा दिसतो. आमच्या विहिरीवरही मोबाईल स्टार्टर बसवला. रात्रीचा हेलपाटा वाचला, एखादी फेज गेली किंवा विहिरीचे पाणी संपले तर मोटर आपोआप बंद होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही घोर राहिला नाही.

परंतु जी वस्तू एका शेतकऱ्याला सुख देते, तीच पंधरा जणांनी एकदम वापरली तर सर्वांना दुःख देते. ५ अश्वशक्तीची तीन फेज मोटर चालू असताना साधारण ७ ते ८ अँपिअर वीज ओढते. सुरू होताना मात्र काही क्षण ५ ते ७ पट, म्हणजे ४० च्या आसपास. १०० केव्हीएच्या डीपीची ताकद फेजला सुमारे १३५ अँपिअर. त्यावर १५ मोटारी व्यवस्थित चालतात. पण गेलेली वीज परत आली आणि ऑटो स्विचमुळे पंधराही मोटारी एकाच क्षणी उठल्या, तर ओढ ६०० अँपिअरवर जाते. दाब कोसळतो, मोटारी वेग घेत नाहीत, वेग नाही म्हणून आणखी जास्त वीज ओढतात. फ्यूज उडतात, मोटारी जळतात, आणि फ्यूजच्या जागी जाड तार टाकलेली असेल तर डीपीच जळतो. मग भर उन्हाळ्यात डीपी बदलून येईपर्यंत १५ विहिरींखालचा ऊस वाळत बसतो. तेव्हा कुणाचा स्विच किती भारी होता, याला अर्थ राहत नाही.

उपाय खर्चिक नाही. बहुतेक मोबाईल स्टार्टरमध्ये वीज आल्यानंतर किती वेळाने मोटर सुरू व्हावी हे ठरवता येते. एका डीपीवरील सभासदांनी एकत्र बसून २०-२० सेकंदांचे अंतर ठेवावे. पहिली मोटर २० सेकंदांनी, दुसरी ४० सेकंदांनी, याप्रमाणे १५ मोटारी ५ मिनिटांत सुरू होतात. ज्या स्विचमध्ये ही सोय नाही तो काढून ठेवावा. शिवाय प्रत्येक मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा, त्याने चालू मोटारीची ओढ कमी होते.

आणखी एक. घरबसल्या मोटर चालू करता येते म्हणून रानात जाणे सोडू नका. पाणी सरीच्या शेवटापर्यंत गेले की मध्येच फुटले, हे स्टार्टर सांगत नाही. नको तितके पाणी देऊन क्षारपड झालेली जमीन आपण सर्वांनी पाहिली आहे.

पावती घ्या, जपून ठेवा

दोन पैसे कमी होतात म्हणून बिनपावतीची वस्तू घेऊ नये. वेष्टनावरील कमाल किंमत सर्व करांसह असते, वर कर लावता येत नाही. वॉरंटी कार्डावर तारीख व शिक्का घ्यावा. हप्त्याने घेताना 'बिनव्याजी' या शब्दावर न थांबता प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीची किंमत किती, हे दोन्ही विचारावे. वस्तू सदोष निघाली व दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करावा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीस तक्रारीचे शुल्क नाही. मात्र पावती नसेल तर बाजू लंगडी पडते.

वर्षभराच्या अनुभवावरून एवढेच दिसते की, ज्या वस्तूने रोजचा एखादा कष्ट कमी झाला तिचे समाधान टिकले, आणि जी चारचौघांत दाखवण्यापुरती होती तिचे नवेपण पंधरा दिवसांत सरले.

ज्या डीपीवर तीनपेक्षा जास्त ऑटो स्विच आहेत, तेथील सभासदांनी उन्हाळी पाण्याच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी आपापल्या चिटबॉयकडे नावे व मोटारींची अश्वशक्ती लिहून द्यावी. सेकंदांचे अंतर ठरवण्यासाठी बैठक घेण्यास शेती विभागाचा माणूस, जरूर पडल्यास मी स्वतः, येईन.

– ऊस विकास अधिकारी