गरोदरपण आणि झाडीपट्टीतला उन्हाळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

झाडीपट्टीतल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मे महिन्यात पारा अनेकदा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. गर्भवतीला ही उष्णता अधिक जड जाते. तिच्या अंगातले रक्त वाढलेले असते, हृदयावर जादा भार असतो आणि गर्भाची उष्णताही तिच्याच रक्तावाटे बाहेर पडते. गर्भाचे तापमान आईपेक्षा सुमारे अर्धा अंश जास्त असते. आईचे अंग तापले की गर्भाची उष्णता बाहेर पडणे अवघड होते. तीव्र उष्णतेचा संबंध मुदतपूर्व प्रसूतीशी आणि मृत बाळ जन्मण्याशी असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. बोलण्यात मात्र ‘उष्णता’ हा शब्द अंगाच्या तापमानालाही लावतात आणि ‘गरम पडणाऱ्या’ पदार्थांनाही. बरेच गैरसमज या सरमिसळीतून येतात.

गैरसमज: लोहाच्या गोळ्या गरम पडतात, उन्हाळ्यात बंद ठेवाव्यात.
वस्तुस्थिती: या गोळ्यांनी अंगाचे तापमान वाढत नाही. शौचास काळे होणे, मळमळ, बद्धकोष्ठता हे त्यांचे परिणाम उष्णतेचे समजले जातात. सरकारी कार्यक्रमात गर्भवतीला किमान 180 दिवस रोज एक गोळी दिली जाते. मळमळत असेल तर ती जेवणानंतर घ्यावी. चहासोबत घेऊ नये, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते. सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आजार) असलेल्या महिलेने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

गैरसमज: पाणी जास्त प्यायले की पायांची सूज वाढते.
वस्तुस्थिती: वाढलेल्या गर्भाशयाचा शिरांवर पडणारा दाब आणि उष्णतेने रुंदावलेल्या रक्तवाहिन्या यांमुळे पायांना सूज येते. पाणी तोडल्याने ती उतरत नाही; लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग मात्र वाढू शकतो. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलच्या रुग्णात अंगातले पाणी कमी झाले की विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. ताक, आंबील, पन्हे चालते. मधुमेह असल्यास पन्ह्यात साखर-गूळ नको. चेहरा आणि हात अचानक सुजले, डोके दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर रक्तदाब तपासून घ्यावा.

गैरसमज: कूलरची हवा बाळाला बाधते.
वस्तुस्थिती: आईच्या अंगावरच्या गार हवेने गर्भाला थंडी लागत नाही. कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, मात्र खिडकी उघडी हवी; बंद खोलीत दमटपणा साठून घाम वाळत नाही. टाकीतले पाणी दर आठवड्याला रिकामे करून टाकी घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास वाढतात. कूलर नसेल आणि खोलीतली हवा 40 अंशांच्या वर गेली असेल तर नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो. तेव्हा मान, हात आणि पायांना ओले फडके लावावे.

गैरसमज: उन्हात गेले नाही, तर ऊन लागत नाही.
वस्तुस्थिती: टिनाच्या छताखाली पेटत्या चुलीपुढे बसूनही ऊन लागते. तेंदूपत्त्याच्या हंगामात बाया पहाटेच जंगलात जातात आणि घरी येऊन 70-70 पानांचे पुडे बांधतात. ऊन चढल्यावर पत्त्याचे ओझे घेऊन परतताना धोका सर्वाधिक असतो. गर्भवतीने ओझे उचलू नये. सावलीत बसून पुडे बांधावेत आणि दर 15-20 मिनिटांनी तहान नसली तरी थोडे पाणी प्यावे.

गैरसमज: पदराला कांदा बांधला की ऊन बाधत नाही.
वस्तुस्थिती: कांद्याने अंगाचे तापमान उतरत नाही. त्याच्या भरवशावर भर दुपारी बाहेर पडणे हाच खरा धोका. सैल सुती कपडे, डोक्याला ओला दुपट्टा आणि दुपारी 12 ते 4 घरात राहणे, हे उपाय उपयोगी पडतात.

चक्कर, उलट्या, धडधड किंवा पायात गोळे आले तर गर्भवतीला सावलीत डाव्या कुशीवर झोपवावे, अंग ओले करून वारा घालावा आणि शुद्धीवर असेल तर ओआरएस घोट घोट पाजावे. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. गोंधळलेले बोलणे, बेशुद्धी, 40 अंशांचा ताप, पोटात कळा, पाणी जाणे, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी वाट पाहू नये. 102 किंवा 108 या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका मोफत मिळते.